चुन्याची निवळी ओता, शिंपल्या मांडा

पत्र: आम्ही घणसोली गावठाणात राहतो. घरामागे सात कोंबड्या आहेत. चार तपकिरी, जास्त अंडी देतात म्हणून हॅचरीतून आणलेल्या, आणि तीन गावठी. दसऱ्यापासून तपकिरी कोंबड्यांच्या अंड्यांचं कवच फार पातळ येतंय, नुसतं उचलताना तडकतं. त्यातली सगळ्यात जुनी, तीन वर्षांची, दोन-तीन दिवसांआड बिनकवचाचं अंडं टाकते. सकाळी बसायच्या दांडीखाली पडलेलं मिळतं. दिवाळीच्या आठवड्यात दोन अंडी अशी आली की मधोमध करगोटा बांधल्यासारखा वळ. काल एकावर खसखशीसारखे दाणे होते. लेयरचं, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं, खाद्य महाग पडतं म्हणून गणपतीनंतर निम्मं केलं. मिस्टरांची खानावळ आहे, उरलेला भात असतोच. शेजारच्या काकांनी चुन्याची निवळी पाण्यातून द्यायला सांगितली, ती आठवडाभर देतेय. मेडिकलमधून कॅल्शियमची बाटलीही आणून ठेवली आहे. सासूबाई म्हणतात, असलं अंडं अपशकुनी, तिकाटण्यावर टाकून ये. नक्की किती कॅल्शियम द्यायचं?
— एक वाचक, घणसोली

ताई,

आधी निवळीचं पाणी ओतून या. भांडं घासा, साधं नळाचं पाणी भरा. पुढचं मग वाचा.

पूर्वी तान्ह्या पोरांना निवळी पाजत, म्हणून ती औषधी वाटते. पण चुना पाण्यात फार थोडा विरघळतो. वर जे नितळ पाणी येतं त्याच्या अख्ख्या लिटरात ग्रॅमभरसुद्धा कॅल्शियम नसतं, आणि कोंबडी दिवसाला पाणी पिते पाव लिटरच्या आसपास. म्हणजे हाती काही लागत नाही. उलट ते पाणी झोंबरं लागतं, कोंबडी कमी पिते. पाणी कमी झालं की खाणं कमी होतं, आणि खाणं कमी झालं की कवच आणखी पातळ. खालचा दाट चुना ढवळून वर आला तर तोंड-घसा भाजतो ते वेगळंच. काकांचा हेतू चांगला आहे, पण चुना खुराड्याच्या भिंतीला लावा. तिथे तो कामाचा आहे.

आता भात. तुमच्या पत्रात गुन्हेगार मला तोच दिसतो.

अंड्याचं कवच साधारण ५ ते ६ ग्रॅम भरतं आणि ते जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच म्हणा ना. त्यात निव्वळ कॅल्शियम २ ग्रॅमच्या थोडं वर. कोंबडी जेवढं कॅल्शियम खाते त्यातलं निम्म्याच्या आसपास अंगी लागतं. म्हणून रोज अंडं देणारीच्या पोटात दिवसाला ४ ग्रॅम तरी जायला हवं. लेयरच्या खाद्यात ते साडेतीन ते चार टक्के असतं आणि कोंबडी दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास खाते. गुणाकार करून बघा, ४ ग्रॅमचा हिशेब जुळतो. खाद्य बनवणाऱ्यांनी तो मुद्दाम जुळवलेला असतो. त्यात आपल्या उरलेल्या भाताला जागा धरलेली नसते.

शिजलेल्या १०० ग्रॅम भातात कॅल्शियम असतं १० मिलिग्रॅमच्या आसपास. ग्रॅम नाही, मिलिग्रॅम. तुम्ही पोटातली निम्मी जागा भाताने भरलीत, तर ४ चे २ झाले, त्यातलं अंगी लागलं १, आणि अंडं मागतंय २. उरलेलं हाडांतून निघतं. कोंबडी अंड्यावर यायला लागली की तिच्या लांब हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा खास साठा तयार होतो, तो याच कामासाठी. पण ही पुरचुंडी लहान. कोंबडीच्या अख्ख्या अंगात मिळून कॅल्शियम वीसेक ग्रॅम, आणि एकेका अंड्याला त्याचा दहावा हिस्सा जातो. गणपतीनंतर खाद्य निम्मं केलंत आणि लगेच काही बिघडलं नाही, तेव्हा तुम्हाला वाटलं असणार, चाललं की! तेवढे दिवस कोंबड्या पुरचुंडी सोडत होत्या. दसऱ्याला ती रिकामी झाली.

गावठी कोंबड्यांना काही झालं नाही, त्याचं कारणही इथेच आहे. गावठी कोंबडी पंधरा-वीस अंडी घालते, मग खुडूक होते, म्हणजे अंडी बंद करून उबवायला बसते, हाडं भरून घेते. वर्षाची तिची अंडी साठ-ऐंशी. तुमच्या तपकिरी कोंबड्या वर्षाला तीनशेच्या घरात अंडी द्याव्यात म्हणून पिढ्यान्पिढ्या निवडत आणलेल्या. खुडूक होणं त्या जवळपास विसरल्यात. सुट्टी नसलेल्या माणसाचं जेवण निम्मं करावं, तसं झालं हे.

तुम्हाला लवकरच कुणीतरी नाचणी सुचवेल, म्हणून तिचाही हिशेब देऊन ठेवतो. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. धान्यांत ती राणी, माणसासाठी उत्तमच. पण ४ ग्रॅम भरायला कोंबडीला रोज किलोभराच्या वर नाचणी खावी लागेल, आणि तुमची मोठी कोंबडीच दोन किलोची असेल. शेवग्याचा पाला घाला, कोंबड्या आवडीने खातात, बलकाला रंग छान येतो. कवचासाठी त्यावर विसंबू नका. पालक मात्र ढीगभर नको, त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला धरून ठेवतं.

मग द्यायचं काय? हे सासूबाईंना विचारा. अपशकुनाचं नको, दुसरंच विचारा: त्या लग्न होऊन आल्या तेव्हा मागच्या दारी काय पडलेलं असायचं? खाडीकाठच्या कुठल्याही घरात विचारलंत तरी उत्तर ठरलेलं आहे. तिसऱ्यांच्या, कालवांच्या शिंपल्या. कालवण झालं की शिंपल्या परसात फेकायच्या, येता-जाता पायाखाली चुरायच्या, आणि कोंबड्या दिवसभर त्यात टोचत बसायच्या. त्या काळी कोणी कोंबडीला कॅल्शियम ‘दिलं’ नाही. ते तिथे पडलेलं होतं आणि तिला लागेल तेवढं ती उचलत होती. आता परसात पेव्हर ब्लॉक बसले, शिंपल्या कचऱ्याच्या गाडीत जायला लागल्या, आणि कोंबडीच्या पुढ्यात राहिला भात. ‘किती देऊ’ या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर म्हणून असं आहे की मोजून देऊ नका, पुढ्यात मांडून ठेवा. कोंबडीला कॅल्शियमची वेगळी भूक असते. ज्या दिवशी अंडं कवचावर असतं त्या दिवशी ती जास्त उचलते, नसतं त्या दिवशी ढुंकून बघत नाही. आपल्याला हा हिशेब बाहेरून कधीच जमणार नाही.

यात तुकड्याचा आकार महत्त्वाचा, आणि लोक नेमके तिथेच चुकतात. अंडं अंगात तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात. बलक सुटल्यावर पांढरं चढायला तीनेक तास, आतला पापुद्रा व्हायला तास-सव्वा तास, आणि बाकीचे वीसेक तास नुसते कवचाचे. सकाळी अंडं देणाऱ्या कोंबडीचं कवच चढतं मुख्यतः रात्री, ती दांडीवर मान आत घेऊन बसलेली असताना. तेव्हा ती खात नाही. पूड करून घातलेलं कॅल्शियम लवकर विरघळून पुढे निघून जातं आणि ऐन कामाच्या वेळी पोट रिकामं. जाडा तुकडा मात्र पोटातल्या जात्यात अडकून राहतो. चिकनवाला कलेजीबरोबर जो कडक गोळा देतो ना, तेच ते जातं. तिथे तो पहाटेपर्यंत झिजत राहतो. म्हणून तुकडे तुरीच्या डाळीएवढे ठेवा. संध्याकाळी चार-पाचच्या सुमाराला ताटली जवळ बसून बघा. दिवसभर तिकडे न फिरकलेली कोंबडी खाणं सोडून शिंपल्यांकडे येते, मान वाकडी करून एक तुकडा निवडते, टाकते, दुसरा उचलते. भाजीबाजारात वांगी निवडणाऱ्या बाईसारखं अगदी.

शिंपल्या ताटातल्या असतील तर त्यांना मीठ-मसाला असतो. त्या उकळून घ्या. खाडीतून आणलेल्या असतील तर रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, दोन-तीनदा पाणी बदला, खारटपणा जाऊ द्या. मग कडक ऊन दाखवून गोणपाटात गुंडाळा आणि वरवंट्याने फोडा. पीठ झालेलं चाळून बाजूला काढा. एवढा व्याप नको असेल तर कोंबडीखाद्याच्या दुकानात शिंपल्यांचा चुरा किलोवर मिळतो. घेताना नीट बघून घ्या, कारण ग्रिट म्हणून काही जण नुसती दगडाची खडी देतात. ती दाणे दळायला उपयोगी, पण पोटात विरघळत नाही. एकाचं काम दुसऱ्याने होत नाही.

आणि तुमच्याकडे तर फुकटची खाण आहे. खानावळीत अंडा करी होतच असणार. उकडलेल्या अंड्यांची टरफलं धुवा, वाळवा, तव्यावर खरपूस भाजा आणि चुरा. कच्च्या अंड्यांची असतील तर आधी दहा मिनिटं उकळा. चुरताना अंड्याचा आकार ओळखू येईल असं काही ठेवू नका. अर्धं टरफल तसंच टाकलं की कोंबडीला चटक लागते, मग ती स्वतःचीच अंडी फोडायला शिकते. पातळ कवचाची अंडी तुमच्याकडे पडतायतच, तेव्हा हा धोका जास्त. अंडी दिवसातून दोनदा उचला.

ताटली वेगळी ठेवा, खाद्यात मिसळू नका. हे मी स्वतः शिकलो ते नुकसान करून. कळव्याला असताना नवी पिल्लं मोठ्या कोंबड्यांबरोबर एकाच खाद्यावर ठेवली होती. सहा आठवड्यांची पिल्लं, तेच लेयरचं खाद्य खात होती, मला वाटलं, महागाचं आहे, चांगलंच असणार. एकेक पिल्लू बसायला लागलं, शिट पांढरी, पाणी पिणं सारखं. डॉक्टरांनी मेलेलं एक पिल्लू उघडून दाखवलं. मूत्रपिंडं सुजलेली, वर खडूची पूड भुरभुरावी तसे पांढरे ठिपके. वाढत्या पिल्लाला खाद्यात टक्काभर कॅल्शियम पुरतं. साडेतीन-चार टक्के रोज गेलं की त्याची मूत्रपिंडं थकतात. पुढे तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, घेतल्यात तर पहिलं अंडं दिसेपर्यंत, किंवा अठरा आठवडे होईपर्यंत, लेयरचं खाद्य सुरू करू नका.

खाद्याचा खर्च मला कळतो. भात पूर्ण बंद करा असं म्हणत नाही. सकाळी लेयरचं खाद्य पोटभर, दुपार उलटल्यावर सगळ्यांत मिळून मूठ-दोन मूठ भात, एवढ्यावर थांबा. खाद्य निम्मं केल्याने नुसतं कॅल्शियम घटलं नाही, प्रथिनं आणि डी-३ जीवनसत्त्वही घटलं, आणि डी-३ नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. परसात थोडा वेळ तरी थेट ऊन येऊ द्या. सुका जवळा चिमूटभर चालेल, पण खारवलेली मासळी नको. मीठ जास्त झालं की कवच बिघडतं. हेच पाण्याचं. खाडीजवळच्या बोअरचं पाणी मचूळ असतं, ते कोंबड्यांना पाजू नका. ऑक्टोबरच्या उकाड्याचाही हातभार लागला असेल. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते, त्यातून रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कवचाच्या कार्बोनेटला लागणारा मालच कमी पडतो. दुपारी सावली आणि गार पाणी, एवढंच आपल्या हातात.

कंबरेच्या वळाचं कारण तुम्हीच लिहिलंय, फक्त दोन वाक्यं लांब लांब पडली: दिवाळीचा आठवडा आणि करगोटा. संध्याकाळी किंवा रात्री कवच अर्धवट चढलेलं असताना कोंबडी दचकली, उडून आपटली, की आतल्या आत ते तडकतं. मग उरलेल्या रात्रीत वरून थर चढतो आणि चीर बुजते. राहतो तो वळ. सुतळी बॉम्बला इलाज नाही, पण घूस किंवा मांजर रात्री खुराड्याभोवती फिरत असेल तरी हेच होतं. दिवाळी संपून पंधरा दिवस झाले आणि वळ येतच राहिले, तर रात्री दहा वाजता टॉर्च घेऊन एक फेरी मारा. खसखशीच्या दाण्यांचं फार मनावर घेऊ नका. कवचावर कॅल्शियमचे कण चिकटतात, कधी कॅल्शियम जास्त झाल्यानेही असं होतं. एखादं अंडं तसं आलं तर धुऊन तव्यात फोडा.

आता ती तीन वर्षांची. वय वाढतं तसं अंडं मोठं होत जातं, पण त्यावर चढणारं कॅल्शियम तेवढंच राहतं. एक किलो कणकेत लाटायच्या पोळ्यांचा आकार वाढवला, तर पोळी पातळच होणार. शिंपल्यांनी तिचं बिनकवचाचं अंडं थांबेल अशी मला आशा आहे, पण पहिल्या वर्षीचं टणक कवच परत येणार नाही. दांडीखाली पडतंय म्हणजे कवच पुरं व्हायच्या आधीच रात्री निसटतंय. ते नक्की तिचंच आहे ना, याची खात्री करून घ्या. दोन रात्री तिला डालग्याखाली वेगळी ठेवा, खाली पेंढा घाला. थंडीत ती पिसं टाकेल, अंडी महिना-दोन महिने बंद होतील. तो आजार नाही. त्या विश्रांतीनंतर कवच थोडं सुधारतंसुद्धा.

बाटली कपाटात राहू द्या, पाण्यात ओतू नका. मात्र ही कोंबडी कधी शेपूट खाली टाकून, उभट होऊन कोपऱ्यात उभी राहिली, सारखा जोर करतेय आणि अंडं येत नाही असं दिसलं, तर अंडं अडकलंय. मऊ कवचाचं अंडं तर जास्तच अडकतं, कारण स्नायूंना ते धड रेटता येत नाही. तिला कोमट पाण्यात पोटापर्यंत वीसेक मिनिटं बसवा, मग अंधाऱ्या उबदार जागी ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा. हाताने दाबून काढायला जाऊ नका. आत फुटलं तर कोंबडी जाते. कॅल्शियमचं औषध द्यायचं की नाही, किती द्यायचं, ते तेव्हा डॉक्टर ठरवतील.

एका गोष्टीसाठी मात्र शिंपल्यांची वाट बघत बसू नका. गावठीसकट सगळ्यांचीच अंडी एकदम सुरकुतलेली, वेडीवाकडी येऊ लागली, फोडल्यावर पांढरं पाण्यासारखं पसरलं, शिंका, घरघर, मान मुरगळणं दिसलं, तर तो कॅल्शियमचा विषय राहत नाही. संसर्गजन्य ब्राँकायटिस असेल किंवा मानमोडी, म्हणजे राणीखेत. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. राणीखेतची लस दिलेली नसेल तर आत्ताच विचारून या. लसीची बाटली शंभर-शंभर डोसांची असते, तेव्हा गावठाणातली चार घरं मिळून आणा. आणि दोन-तीन कोंबड्या पाठोपाठ मेल्या तर लपवू नका, मेलेल्यांना हात लावू नका, दवाखान्यात कळवा. २०२२ साली आपल्याच जिल्ह्यात, शहापूरकडे, बर्ड फ्लू निघाला होता.

हे सगळं आज सुरू केलंत तर पातळ कवचात फरक आठ-दहा दिवसांत दिसायला हवा. हाडांची पुरचुंडी भरायला त्याहून जास्त दिवस लागतील, म्हणून चांगली चार अंडी आली की ताटली उचलून ठेवू नका. तीन आठवड्यांनीही त्या तीन वर्षांच्या कोंबडीची अंडी मऊच राहिली तर पुन्हा लिहा, आणि त्या वेळी पाणी कुठलं देता तेही लिहा.

मऊ अंड्याला पापुद्र्याशिवाय राखण नसते, म्हणून ते खाऊ नका आणि कोंबड्यांनाही कच्चं घालू नका. तिकाटण्यावर टाकलंत तर तिथे घुशी येतील आणि तिथून तुमच्या खुराड्यापर्यंत. तुळस सोडून बाकी कुठल्याही कुंडीत खोल पुरा, सासूबाईंना सांगा की घराबाहेर गेलं. आणि शिंपल्या फोडायचं काम त्यांनाच द्या. वरवंटा किती जोरात मारला की डाळीएवढा तुकडा पडतो आणि कधी पीठ होतं, हे त्या हाताला नीट माहीत असणार.